मे बावीसचं स्टिकर

सरकारने गाड्यांची स्टिकरं बंद केली तेव्हा ओंटारियो प्रांतातल्या केनोरा गावात लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? ज्याच्या नावावर गाडी त्याने दरवर्षी आपल्या वाढदिवसाच्या आत पैसे भरायचे आणि बोटाच्या पेराएवढं स्टिकर घरी आणायचं, ही काय वाढदिवसाची भेट झाली? ते मागच्या नंबरप्लेटच्या कोपऱ्यात चिकटवायचं आणि वरून ब्लेडने फुली मारायची, म्हणजे चोराला ते सबंध सोलून नेता येत नाही. जानेवारीत जन्मलेल्या माणसांनी हे काम उणे तीसमध्ये, हातमोजे काढून, गाडीमागे उकिडवं बसून केलेलं आहे. दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये हे सगळं संपलं. पैसे माफ, स्टिकर माफ.

नोंद मात्र दरवर्षी करायचीच होती. फुकट, पण करायची. सरकारने तसं सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण ‘फुकट’ हा शब्द एकदा कानात शिरला की पुढचं कोण ऐकतो? अर्धं ओंटारियो सरळ धरून चाललं की स्टिकर गेलं म्हणजे काम गेलं. गावातल्या गावात त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. प्रांताची हद्द ओलांडली की मात्र तिकडच्या पोलिसांना प्लेटच्या कोपऱ्यात जुनी तारीख दिसायची, आणि तारीख वाचता येणार नाही एवढे काही ते आंधळे नव्हते.

आर्वो कोस्कीच्या ब्यूक गाडीवर ती तारीख होती मे बावीस. आणि तो ग्लेंडाला घेऊन विनिपेगला निघाला ते तेवीसच्या ऑगस्टात.

ग्लेंडा मझूर शेजारच्या सीटवर मांडीवर ब्लूबेरीची बादली घेऊन बसली होती. बेरी तिने स्वतः पावरलाइनखालच्या कातळावर वाकून वाकून तोडल्या होत्या, विनिपेगच्या बहिणीसाठी. तिची कंबर अजून बोलत होती. बादली मागच्या सीटवर ठेव असं आर्वो दोनदा म्हणाला होता, पण मांडीवर काहीतरी असलेलं तिला आज बरं वाटत होतं.

कारण आज उत्तर द्यायचं होतं. वसंतात, तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात, आर्वो तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता म्हणाला होता, “दोन घरं तापवायची कशाला? उगाच दुप्पट तेल जाळायचं.” ही त्याची मागणी. ग्लेंडाला ती कळायला एक दिवस लागला. तिने आपलं घर विकावं आणि टेकडीपलीकडे त्याच्याकडे राहायला यावं, असा त्याचा अर्थ होता. घर विकणारी बाई सोमवारी फोटो काढायला येणार होती. आज दुपारी बहिणीच्या, पॅटच्या जेवणाच्या टेबलावर ही बातमी सांगायची असं ठरत आलं होतं. म्हणजे आर्वोच्या मते ठरलं होतं. ग्लेंडा ‘सांगते’ म्हणाली होती.

हो म्हणायला हरकत काय होती? माणूस चांगला होता. कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, दारू बेताची, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. ग्लेंडाच्या नवऱ्याने कधीकाळी दातांच्या दवाखान्यातल्या बाईबरोबर दूरचं कलोना शहर गाठलं होतं, त्यानंतर तिने एकटीने शाळेची बस चालवून घराचं कर्ज फेडलं होतं. आता सहासष्टाव्या वर्षी कुणी आपल्यासाठी पायरीवरचा बर्फ ओढतोय, हे सुख काही कमी नव्हतं. पण आर्वोच्या घरी मागच्या दाराशी खुंटीवर ऑड्रीचा कोट होता आणि खाली ऑड्रीचे बूट. ऑड्री म्हणजे त्याची बायको. ती जाऊन चार वर्षं व्हायला आली होती. ग्लेंडा दोन वर्षं त्या घरात जात होती आणि दोन वर्षं स्वतःचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकत होती. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. पुरुष आहे, त्याला दिसतच नसेल, आळशी आहे झालं, असं ती स्वतःला समजावायची. मेलेल्या बाईचा हेवा करणं बरं नव्हे हेही तिला कळत होतं. कळून हेवा थोडाच जातो?

हद्दीपर्यंत आर्वो रस्त्यालाच बोलत होता. पलीकडचा मॅनिटोबा प्रांत लागला की रस्ता रुंद होतो, आणि दरवेळी तिथे तो म्हणायचा, “बघ, यांच्याकडे पैसा कुठे जातो ते दिसतं.” आज हे वाक्य अर्धंच झालं. मागे निळे-लाल दिवे लागले.

“माझ्यासाठी नसणार,” आर्वो म्हणाला आणि गाडी बाजूला घेतली. दिवे त्याच्याचसाठी होते.

पोलीस तरुण होता, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. तो खिडकीशी यायच्या आतच आर्वोने काच खाली केली. “स्टिकरं बंद झालीत आमच्याकडे. दीड वर्ष होत आलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

“सांगितलंय, सर,” पोरगा शांतपणे म्हणाला. “ओंटारियोच्या गाड्या रोज बघतो मी. लायसन्स द्या आणि गाडीचे कागद द्या.”

कागद घेऊन तो आपल्या गाडीकडे गेला. आर्वोने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “काल मिसरूड फुटलेलं पोर! आता बघ कसा शेपूट घालून परत येतो.”

“तू नोंद केली होतीस ना?” ग्लेंडाने विचारलं.

“कसली नोंद?”

“अरे, दरवर्षीची. फुकट असते ती.”

“अगं, स्टिकर बंद झालं ना!”

“स्टिकर बंद झालं. नोंद नाही बंद झाली.”

“मग स्टिकर बंद करून काय उपयोग झाला?” आर्वो म्हणाला. ग्लेंडा आणखी दोन शब्द सुनावणार होती, तेवढ्यात तिला आठवलं की आपला वाढदिवस फेब्रुवारीत होऊन गेला आणि आपणही काही केलेलं नाही. तिने बादलीतली एक ब्लूबेरी तोंडात टाकली.

पोलीस परत आला. शेपूट त्याने घातलेलं नव्हतं, पण चेहरा त्रासिकही नव्हता. “सर, या गाडीची नोंद मागच्या वर्षी मेमध्येच संपलीय. घाबरू नका, तुमच्याकडचे निम्मे लोक असेच सापडतात. दंड करायचा म्हटलं तर मोठा आहे. पण गाडीच्या मालकाने आत्ता फोनवरून नोंद केली, तर पाच मिनिटांचं काम आहे. मी तिकडे उभा राहतो. झालं की ताकीद देतो आणि तुम्ही जा जेवायला.” मग तो जरा वाकला, आर्वोच्या पलीकडे बघून हसला आणि म्हणाला, “मॅडम, ऑड्री कोस्की तुम्हीच ना?”

बाजूने एक लाकडाचा ट्रक गेला आणि ब्यूक हलली. ग्लेंडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने आर्वोकडे पाहिलं.

आर्वो तिच्याकडेच बघत होता. ती त्याला ओळखत होती, त्याचे डोळे काय म्हणतात हे तिला सांगावं लागत नव्हतं. हो म्हण, ते म्हणत होते. पाच मिनिटं हो म्हण, तुझं काय जातंय?

दोन वर्षांत ग्लेंडाला त्याचा इतका संताप कधी आला नव्हता. तिला ती बादली त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली. गाडी ऑड्रीच्या नावावर आहे हेही तिला आज, हायवेच्या कडेला, एका परक्या पोराकडून कळावं? आणि वर तीच व्हायचं?

“मी ग्लेंडा मझूर,” ती म्हणाली. “ऑड्रीचं यांना विचारा.”

पोलिसाने आर्वोकडे पाहिलं.

“ती आज बरोबर नाही,” आर्वो म्हणाला.

“हरकत नाही. घरून करू दे त्यांना. फोन लावा.”

“लागणार नाही.”

“हो, या टप्प्यात रेंजची बोंबच आहे. माझा लागतो, घ्या.” आणि त्या भल्या पोराने खिशातला फोन काढून खिडकीतून आत धरला.

आर्वोने तो घेतला. ग्लेंडाला वाटलं, आता हा खरंच नंबर फिरवतोय की काय! त्याने फोन दोन्ही हातांत धरला होता, गिरणीत माणसं तापलेला भाग फडक्यात धरतात तसा. अंगठा एकदा काचेवर गेला आणि थांबला. त्या पोराला घाई नव्हती. तो लांब पाइनच्या झाडांकडे बघत उभा राहिला.

“ऑड्री वारली,” आर्वो म्हणाला. “नोव्हेंबरात चार वर्षं होतील.”

त्याने फोन परत केला. पोलिसाने तो खिशात घातला, मग डोक्यावरची टोपी काढली आणि कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरली. “माफ करा, सर. मला कल्पना नव्हती.”

“तुला कशी असणार?”

“पण मग इतकी वर्षं गाडी नावावर...?”

“दर वर्षी तिच्या नावाने पत्र यायचं. मी भरून पाठवायचो. स्टिकर यायचं. सव्वीस मेला, तिच्या वाढदिवसाला, मी ते लावायचो. कुणी विचारलंच नाही.” तो काचेतून सरळ समोर बघत बोलत होता. “मागच्या वर्षी पत्रही नाही आणि स्टिकरही नाही. त्या दिवशी काही करायलाच नव्हतं. मी गाडी धुतली.”

हे ग्लेंडाने पहिल्यांदाच ऐकलं. तिचा राग निम्मा उतरला, आणि उरलेला निम्मा तसाच राहिला. गेल्या वर्षी मेमध्ये आर्वोचं तिच्याकडे येणं-जाणं चालूच होतं. त्या दिवशीही आला असेल, लख्ख धुतलेल्या गाडीतून, आणि आपण कौतुक केलं असेल. तिला आठवेना.

खरं बोलल्याचं बक्षीस काय मिळतं, ते आता पोलिसाने सांगितलं, आणि सांगताना त्याला फार अवघड झालं. मालकच नाही म्हणजे नोंद करणार कोण? गाडी रस्त्यावर सोडता येणार नाही. ओढून न्यावी लागेल, पुढच्या फाल्कन लेक गावातल्या गाड्यांच्या आवारात. प्लेटा त्याला ताब्यात घ्याव्या लागतील. आर्वोने घरी जाऊन वारसाचे कागद दाखवावेत, गाडी स्वतःच्या नावावर करावी, नव्या प्लेटा घ्याव्यात आणि मग येऊन घेऊन जावी.

“प्लेटा मी काढतो,” आर्वो म्हणाला.

“मी काढतो ना, सर, माझ्याकडे...”

“मी काढतो म्हटलं ना.”

डिकीत त्याची अवजारांची पेटी असायचीच. पुढची प्लेट त्याने चटकन काढली. मागचा एक स्क्रू गंजून घट्ट बसला होता, त्याच्यापुढे तो गुडघ्यावर बसला. तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, पुन्हा फिरवला. ग्लेंडा बादली घेऊन गवतात उभी होती. मदत करावी असं तिच्या मनात आलं आणि तिने केली नाही. ते तिचं काम नव्हतं. प्लेट सुटल्यावर आर्वोने ती रुमालाने पुसली, दोन्ही एकावर एक ठेवल्या आणि पोलिसाच्या हातात दिल्या. पोलिसाने त्या दोन्ही हातांनी घेतल्या. दंडाचं त्याने नावच काढलं नाही.

गाडी ओढणारा ट्रक यायला तास गेला. त्याचा ड्रायव्हर डॅरिल हा टेकून बसल्यावर पोट स्टिअरिंगला लागणारा माणूस होता आणि त्याला बोलायला कुणी लागत नसे. “ओंटारियोवाले ना? देव भलं करो तुमच्या सरकारचं! स्टिकरं काढली आणि माझा धंदा दुप्पट झाला. काका, मधे सरका. काकू, बादली पायाशी ठेवा, नाहीतर मी खाऊन टाकीन.”

तिघं एका सीटवर बसले. मागे ब्यूक पुढची चाकं उचलून, बिनप्लेटची, निमूट येत होती. डॅरिल परवा ओढलेल्या बोटीची गोष्ट सांगत होता. आर्वोचे हात तेलाने काळे झाले होते, ते त्याने मांड्यांवर उलटे ठेवले होते.

“तू रागावलीस,” तो हळूच म्हणाला.

“रागावणार नाही तर काय ओवाळू तुला? मला ऑड्री व्हायला सांगत होतास.”

“तोंडाने काही बोललो नाही मी.”

“बोलला असतास तर बरं झालं असतं.”

डॅरिलची बोट मध्येच बुडाली. त्याने गोष्ट सोडली आणि रस्त्याकडे फारच लक्ष द्यायला सुरुवात केली.

“आर्वो, घर कुणाच्या नावावर आहे?” ग्लेंडाने विचारलं.

“दोघांच्या.”

“म्हणजे अजून दोघांच्या.”

“हो. करायचं राहिलंय.”

“तुला ते करायचं आहे का?”

फाल्कन लेकची पाटी आली आणि गेली. “नाही,” तो म्हणाला. “खरं सांगायचं तर नाही.”

ग्लेंडाला ते लागलं. फार लागलं. पण खोटं बोलला असता तर त्याहून लागलं असतं, हेही त्याच क्षणी तिला कळलं, आणि सकाळपासून जे उत्तर ती मांडीवरच्या बादलीसारखं सांभाळत आली होती ते तिचं तिलाच दिसलं.

“मी माझं घर विकत नाही,” ती म्हणाली. “सोमवारी त्या बाईला येऊ नको म्हणून सांगते.”

आर्वोने मान हलवली. तो खचला, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. “समजलं,” तो म्हणाला.

“नाही समजलं. माझं बोलणं संपलेलं नाही. तू माझ्याकडे यायचंस. कपडे आण आणि अवजारं आण, बाकी काही नको.”

“तुझ्याकडे गॅरेज नाही.”

“नाही.”

“जानेवारीत इंजिन गोठेल. ते गरम ठेवायच्या हीटरला वायर लागेल, लांब. अंगणातून.”

“मग घे लांब वायर.”

डॅरिलने ट्रक आवाराच्या फाटकाशी थांबवला, पण उतरला नाही. इंजिन चालू होतं. आर्वो आपल्या काळ्या हातांकडे बघत होता.

“आणि ऑड्री?” त्याने विचारलं.

“ऑड्रीला राहू दे तिथे,” ग्लेंडा म्हणाली. “तिचंच घर आहे ते.”

आर्वो रडला. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. हात तेलकट असल्यामुळे त्याला डोळे पुसता येईनात, म्हणून ग्लेंडाने आपल्या बाहीने पुसले, आणि डॅरिल खाली उतरून उगाचच साखळ्या तपासायला लागला.

“पाणी बंद करून यावं लागेल,” बऱ्याच वेळाने आर्वो म्हणाला. “रिकामं घर म्हणजे हिवाळ्यात पाइप फुटतात. आणि थोडं तापतंही ठेवावं लागेल. म्हणजे तेल दोन्हीकडे जळणारच.”

“जळू दे,” ग्लेंडा म्हणाली, आणि तिने पॅटला फोन लावला की आम्हाला न्यायला फाल्कन लेकला ये, आणि सुपाखालचा गॅस आठवणीने बंद करून नीघ.